सोमवारी अडणारी लॅब

करंजदऱ्याच्या शाळेतल्या कॉम्प्युटर लॅबची चावी गेली बारा वर्षं गेणभाऊंच्या करदोट्याला बांधलेली आहे. या बारा वर्षांत तीन मुख्याध्यापक झाले, संगणकाचे पाच शिक्षक येऊन गेले. चावीनं जागा सोडली नाही.

घोडेगावातून डोंगराकडे निघालेली एसटी अर्ध्या तासानं जिथं निम्मी रिकामी होते, ते करंजदरा. त्याच्या पुढं नुसत्या वाड्या, भाताची खाचरं आणि नाचणीचे उतार. सुप्रिया त्यातल्या सगळ्यात वरच्या वाडीची. आज ती आळेफाट्यावर संगणक दुरुस्तीच्या एका दुकानात कामाला आहे आणि जुन्नर-आंबेगावातल्या बारा शाळांच्या लॅब ती एकटी सांभाळते. पाठीवर लॅपटॉप, स्कूटीच्या डिकीत पकडी, वायरी आणि भाकरीचा डबा. या सगळ्याची सुरुवात गेणभाऊंच्या चावीपासून झाली असं ती कुणालाही सांगते, आणि तिच्या सांगण्यात तोंडदेखलेपणा नसतो.

ती नववीत होती तेव्हा वाडीवरून खाली येणारी एसटी एकच होती. ती आठ वाजता सोडायची आणि शाळा भरायची अकराला. तीन तास सुप्रिया व्हरांड्यात दप्तर मांडीवर घेऊन बसायची. गेणभाऊ झाडलोट करताना तिच्याभोवतीनं झाडू फिरवायचे. आठेक दिवस त्यांनी हे बघितलं आणि मग तेव्हाच्या हेडसरांकडे जाऊन म्हणाले की एक पोर रोज उगाच बसून राहतीय, लॅब उघडून देतो, काय मोडलंच तर माझ्याकडनं भरून घ्या. सर हसले आणि हो म्हणाले. पुढची दोन वर्षं रोज सकाळी सुप्रिया आत संगणकाशी बसली आणि गेणभाऊ उंबऱ्यावर चाती फिरवत लोकर कातत बसले. पोरगी एकटी आत आहे म्हणून ते दारातून हलायचे नाहीत. स्वतः मात्र त्यांनी कधी कळफलकाला बोट लावलं नाही. "ते तुझं काम. माझं काम दार उघडायचं," एवढंच म्हणायचे.

लोकर कातायची सवय घरची. गेणभाऊंचे वडील दोनशे मेंढरं राखायचे. दिवाळी झाली की सगळं कुटुंब मेंढरांमागं घाटाखाली उतरायचं, ते मृगाच्या तोंडावर परत यायचं. जिथं रात्र होईल तिथं शेतात वाघर लावायची. वाघर म्हणजे मेंढरांभोवती उभी करायची सुताची जाळी. खुंट्या ठोकून जाळी गोल फिरवायची आणि शेवटचं टोक पहिल्या खुंटीला आणून बांधायचं. ते बांधायचं काम नऊ वर्षांच्या गेणूकडं होतं. एका संध्याकाळी खेळाच्या नादात ते राहिलं. पहाटे लांडग्यानं सात कोकरं नेली. वडिलांनी हात उगारला नाही की शिवी दिली नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांनी ते टोक पुन्हा गेणूच्याच हातात दिलं. पुढं दुष्काळ पडला, कळप विकला गेला, चुलते शेतीला लागले आणि गेणभाऊ शाळेत शिपाई झाले. पण हातातलं ते टोक काही सुटलं नाही. शाळेच्या झेंड्याची दोरी, विहिरीच्या पोहऱ्याचा दोर, खिडकीच्या पडद्याची नाडी, काहीही लोंबकळताना दिसलं की गेणभाऊंचा हात आपोआप जायचा. त्यांची बायको सोनीबाई म्हणायची की या माणसाला माझ्या लुगड्याचा पदरसुद्धा मोकळा बघवत नाही.

यंदा दिवाळीनंतर लॅबला नवंच दुखणं जडलं. सोमवारी सकाळी मुलं येऊन बसायची, वीसच्या वीस संगणक सुरू व्हायचे आणि अर्ध्यावर अडायचे. पडद्यावर 'कृपया थांबा' अशी ओळ आणि तिच्या खाली गोल गोल फिरणारे ठिपके. दहा मिनिटं फिरायचे, वीस मिनिटं फिरायचे, तास संपायचा. बंद करून पुन्हा चालू केले तरी तेच. शाळेतले संगणक जाळ्यात जोडलेले. प्रत्येकानं सुरू होताना कोपऱ्यातल्या सर्व्हरला हाक मारायची, सर्व्हरनं ओळख पटवून आत घ्यायचं. ती हाक कुठंतरी अडत होती, इतकं उघड होतं. कुठं, ते कळत नव्हतं.

संगणकाचे शिक्षक सुनील सर फोन लावायचे, सुप्रिया आळेफाट्यावरून निघायची. ती पोचेपर्यंत वीसही संगणक सुरळीत चालू झालेले असायचे. मग मंगळवार ते शनिवार काही तक्रार नाही, आणि पुढच्या सोमवारी पुन्हा ठिपके.

सुप्रियानं हात टेकले नाहीत. तिनं सर्व्हरची मेमरी बदलली. तीन संगणक पुसून नव्यानं भरले. रविवारी वीज जाते, म्हणून बॅटरी तपासली. भिंतीवरच्या पेटीत वीस वायरी येऊन जुळतात, तिला या धंद्यात स्विच म्हणतात. तीही उघडून बघितली. सगळं जागच्या जागी. दुकानाचे मालक म्हणाले की सर्व्हर म्हातारा झालाय, शाळेला नवा घ्यायला सांग. सुप्रियाला ते पटेना. म्हातारा असता तर बुधवारीही दमला असता.

एरवी हे असंच रखडत चाललं असतं. पण जानेवारीत शाळेला एक पत्र आलं. शिष्यवृत्तीची एक परीक्षा यंदापासून संगणकावर होणार होती आणि करंजदऱ्याची लॅब केंद्र म्हणून मागितली होती. अट एकच. फेब्रुवारीतल्या एका बुधवारी तपासणीला माणूस येईल, त्याच्यासमोर वीसही संगणक दहा मिनिटांत सुरू झाले पाहिजेत. एक जरी अडला तरी केंद्र आळेफाट्याकडच्या एका कॉलेजात जाणार. आळेफाट्याला सकाळी नऊला पोचायचं तर वरच्या वाड्यांतल्या पोरांनी अंधारात डोंगर उतरायला हवा, कारण त्या वेळी एसटी नाही. आदल्या वर्षी अशाच एका परीक्षेला वरची अकरा मुलं गेलीच नव्हती. त्यातल्या नऊ मुली होत्या. सुप्रियाला त्या नऊजणी नावानिशी माहीत होत्या.

मुख्याध्यापिका वैजयंती मॅडम शिस्तीच्या. त्यांनी सुनील सरांकडून दोनदा लेखी खुलासा घेतला होता. सर मशीन नीट बंद करून जात नाहीत, असा त्यांचा संशय. सुनील सर खालमानेनं खुलासा लिहायचे आणि लॅबमध्ये येऊन त्याचा राग विनोदातून काढायचे. तपासणीच्या आधीच्या आठवड्यातल्या सोमवारी सुप्रिया घामाघूम होऊन लॅबच्या दारात पोचली, तेव्हा सगळे संगणक नेहमीसारखे शहाण्यासारखे चालू होते. टेबलावर तिच्या लॅपटॉपसाठी वायरीचं टोक काढून ठेवलेलं होतं आणि शेजारी बशीनं झाकलेला चहा.

"मॅडम, तुम्ही कशाला एवढी स्कूटी हाणता?" सुनील सर म्हणाले. "तुमचा पायगुण आम्ही मानला होता. पण आज बघितलं, तुम्ही घोडेगावातनं नुसता फोन केलात आणि पाचव्या मिनिटाला सगळी उठून बसली. पुढच्या वेळी घरूनच फोन करा. पेट्रोल वाचंल."

गेणभाऊ दारात उभे होते. तेही हसले. सुप्रिया चहा पीत हसली. पण घोडेगाव ओलांडून परत जाताना तिनं स्कूटी रस्त्याच्या कडेला घेतली. सर थट्टेनं बोलले होते, तरी बोलले होते ते खरं होतं. घोडेगावला पोचलं की ती गेणभाऊंना फोन करायची, मामा, अर्ध्या तासात येते. त्या फोनमध्ये आणि तिच्या येण्यामध्ये लॅबमध्ये काहीतरी घडत होतं. दुखणं तिला दिसत नव्हतं, कारण ती येणार हे कळल्यावर ते बरं होत होतं. तिनं ठरवलं, पुढच्या सोमवारी न सांगता जायचं.

त्या सोमवारी ती आठलाच शाळेत पोचली. स्कूटी तिनं एसटी थांब्यावर लावली. तपासणीला मधे एक दिवस उरला होता. लॅब उघडी होती, गेणभाऊ पाणी भरायला गेले होते. तिनं मेन बटण दाबलं आणि एकेक करून वीसही संगणक चालू केले. ठिपके फिरू लागले. पाच मिनिटं झाली, ठिपके फिरतच होते. तीन महिन्यांत पहिल्यांदा ते दुखणं तिच्यासमोर उभं होतं आणि तिला भीतीऐवजी आनंद झाला. तिनं लॅपटॉप काढला आणि सवयीनं टेबलावर हात नेला. वायर नव्हती.

तिनं वर पेटीकडे पाहिलं. पेटीवर प्रत्येक वायरीसाठी एक बारीक हिरवा दिवा. एरवी ते आपापल्या तालात लुकलुकतात, जसं ज्याचं बोलणं. आज सगळे एकदम उघडझाप करत होते, इतक्या घाईनं की हिरवी थरथर दिसत होती. ती स्टुलावर चढणार, तेवढ्यात गेणभाऊ कळशी घेऊन आत आले.

"आगं, तू कवा आलीस? फोन न्हाई केलास." त्यांनी कळशी टेकवली आणि पंच्याला हात पुसले. "थांब, तुजी वायर देतो."

ते पेटीकडे गेले. वायरींच्या रांगेतून त्यांनी एक नेमकी वायर अलगद उपसली आणि तिचं टोक टेबलावर आणून ठेवलं, अगदी तिच्या हाताशी. वर पेटीवरचे दिवे शांत झाले. खिडकीजवळचा एक संगणक पुढं सरकला. मग दारापाशी दोन. मग एक रांगच. दोन मिनिटांत वीसच्या वीस पडद्यांवर शाळेचं नाव आलं.

सुप्रिया स्टुलावरच बसली. त्या वायरीचं दुसरं टोक पेटीतच होतं. ते तिनंच दिवाळीच्या सुमारास खोचलेलं होतं, आपला लॅपटॉप जोडायला सोपं पडावं म्हणून. आणि हे टोक तिनं टेबलावर मोकळं सोडलं होतं.

"मामा, ही वायर तुम्ही पेटीत लावता?"

"शनवारी. झाडलोट झाली की. मोकळं टोक लोंबत ठिवायचं म्हंजी..." गेणभाऊ थांबले. त्यांनी पडद्यांकडे पाहिलं, मग टेबलावरच्या टोकाकडे. बोलता बोलता त्यांचा आवाज खाली आला. "तुजा फोन आला की काढून ठिवतो. तुला वर चढाय नको म्हनून."

सुप्रियानं वर दिव्यांकडे पाहिलं. ती नुसती म्हणाली, "परत लावा बरं एकदा."

त्यांनी टोक पेटीत खोचलं. दिवे थरथरू लागले. तिनं एक संगणक बंद करून चालू केला. ठिपके आले आणि फिरत राहिले. गेणभाऊंनी टोक काढलं. ठिपके गेले.

मग तिनं त्यांना समजावून सांगितलं, जसं तिला स्वतःला त्या क्षणी समजलं होतं तसं. एका वायरीची दोन्ही टोकं एकाच पेटीत गेली की वायरीचा फास होतो. एका संगणकानं मारलेली हाक त्या फासातून फिरून पेटीतच परत येते, पेटी ती पुन्हा सगळ्यांना ऐकवते, ती पुन्हा फिरते. हाका वाढतच जातात आणि त्या गलक्यात सर्व्हरला कुणाचंच नीट ऐकू येत नाही. चालू असलेल्या संगणकाचं एक वेळ निभतं, पण नुकत्या जाग्या झालेल्याला सर्व्हरचं उत्तर मिळाल्याशिवाय पुढं जाता येत नाही. तो थांबून राहतो.

गेणभाऊ उंबऱ्यावर जाऊन बसले, जिथं ते पूर्वी चाती घेऊन बसायचे तिथंच. 

"म्हंजी तीन म्हैनं मीच लांडगा आत घेत व्हतो."

"तुम्ही एकट्यानं नाही, मामा. टोक मी मोकळं सोडलं. तुम्हाला सांगितलं नाही की ते मोकळंच राहू द्या. माझी अर्धी चूक आहे."

 सुप्रियानं मनात ठरवून टाकलं होतं की मुख्याध्यापिकांना सांगायचं, एक वायर चुकीच्या जागी होती, ती काढली. कुणी लावली हे सांगायची गरज नव्हती. खोटंही बोलावं लागणार नव्हतं. तिनं तसं गेणभाऊंना सुचवलं. हा माणूस दोन वर्षांनी निवृत्त होणार. आजवर त्याच्या नावानं शाळेत एक खुलासा लिहिला गेला नव्हता.

गेणभाऊंनी मान हलवली. "सुनील सरांनी दोन कागद लिव्हलेत. त्यांच्या डोक्यावरनं ते उतराया पायजेत. मी सांगतो." आणि उठता उठता म्हणाले, "तू मला तोंडावर सांगितलंस ते लई बरं केलंस. माज्या माघारी नीट करून गेली असतीस तर मला कळलंच नसतं, आन् पुढच्या शनवारी मी पुन्यांदा बांधली असती."

वैजयंती मॅडमच्या खोलीत ते टोपी काढून उभे राहिले आणि सगळं सांगितलं, सुरुवातीपासून, मधे काही न गाळता. सुनील सरांचा यात काही दोष नव्हता, हे त्यांनी दोनदा सांगितलं. मॅडमनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. त्यांनी सुप्रियाला विचारलं की बुधवारी संगणक सुरू होतील का. सुप्रिया हो म्हणाली. मग त्यांनी सुनील सरांना बोलावून घेतलं, कपाटातून त्यांचे दोन्ही खुलासे काढले, त्यांच्यासमोर फाडले आणि झाल्या प्रकाराबद्दल मला वाईट वाटतं असं म्हणाल्या.  बाहेर आल्यावर सर गेणभाऊंकडे वळले.

"गेणभाऊ, तीन महिने मी बायकोला सांगतोय की माझी साडेसाती चालूय. आता तिला काय सांगू?"

"सांगा, शिपायाची व्हती, चुकून तुमच्या दारात आली," गेणभाऊ म्हणाले. सकाळपासून पहिल्यांदाच ते हसले.

सुप्रिया ती वायर गुंडाळून घेऊन जाणार होती. गेणभाऊंनी जाऊ दिली नाही. वायर तुला लागते, तर राहू दे. पण कुठली कुणाची ते माझ्यासारख्याला कळेल असं काहीतरी कर. पेटीवर आकडे होते, पण बारीक, आणि गेणभाऊंची नजर आता तेवढी लागत नव्हती. सुप्रिया चिठ्ठ्या चिकटवू म्हणाली. त्यांनी तिला थांबवलं आणि जेवणाच्या सुट्टीत घरी जाऊन आले. येताना पिशवीत लोकरीच्या दोऱ्यांचे गुंडे होते. सोनीबाई घोंगडीच्या काठासाठी सूत रंगवून ठेवायची, त्यातले. मेंढरं दुसऱ्याच्या कळपात मिसळू नयेत म्हणून त्यांच्या पाठीवर आपापल्या रंगाची खूण करतात. गेणभाऊंच्या वडिलांची खूण निळी होती.

मंगळवार त्या दोघांनी त्यातच घालवला. सुप्रिया वायरीचं एक टोक शोधायची, दुसरं टोक हलवून दाखवायची, आणि गेणभाऊ दोन्हीकडं एकच खूण बांधायचे. रंग पाचच होते, म्हणून गाठींची संख्या वेगळी. निळा दोरा एक गाठ, निळा दोरा दोन गाठी. पेटीतल्या टोकाला जी खूण, तीच संगणकामागच्या टोकाला. लॅपटॉपच्या वायरीला त्यांनी लाल दोरा बांधला. तो एकटाच लाल. तिचं मोकळं टोक भिंतीवरच्या खिळ्याला अडकवलं. "हे बांधायचं न्हाई," ते स्वतःलाच ऐकवावं तसं म्हणाले, आणि हात मागं घेतला. सुप्रियानं बघितलं, त्यांना तो हात मागं घ्यायला जड गेलं होतं.

काम करता करता तिला एक जुना दोष सापडला. सतरा नंबरचा संगणक नेहमी सगळ्यांच्या मागून सुरू व्हायचा. त्याची वायर दुसऱ्याच एका डब्यातून फिरून आलेली होती, पाच शिक्षकांपूर्वी कुणीतरी जोडलेली. खुणा बांधल्या नसत्या तर ती कधीच कळली नसती. तिनं ती सरळ पेटीत घेतली.

बुधवारी तपासणीचे गृहस्थ दहाला आले. मितभाषी माणूस. त्यांनी घड्याळ टेबलावर ठेवलं आणि वीस मुलांना एकाच वेळी बटण दाबायला सांगितलं. वैजयंती मॅडम खिडकीशी, सुनील सर फळ्यापाशी, सुप्रिया सर्व्हरजवळ. गेणभाऊ दारात. ठिपके आले.  सुप्रिया पेटीवरच्या दिव्यांकडे बघत राहिली. ते आपापल्या तालात लुकलुकत होते. पहिला पडदा उजळला, मग चार, मग भराभर. गृहस्थ बोट दाखवत एकेक मोजत होते. ते बारापर्यंत आले होते तोवर दारातून हळू आवाज आला.

"आली समदी."

मेंढरं वाघरीत शिरताना वडील मोजायचे नाहीत, नुसती नजर फिरवायचे, हे गेणभाऊंनी तिला एकदा सांगितलं होतं. गृहस्थांनी मोजणी पुरी केली. वीस. चार मिनिटं झाली होती. जाताना त्यांनी पेटीपाशी थांबून रंगीत दोऱ्यांकडे पाहिलं आणि ही पद्धत कुणाची असं विचारलं. सुप्रियानं दाराकडे बोट केलं. तिथं कुणी नव्हतं. गेणभाऊ घंटा द्यायला गेले होते.

परीक्षा मार्चमध्ये झाली. आठच्या एसटीनं वरच्या वाड्यांतली पोरं उतरली, आणि यंदा त्या नऊजणींतल्या आठ आल्या. उरलेल्या एकीचं लग्न झालं होतं. गेणभाऊंनी लॅब साडेसातलाच उघडून ठेवली होती, पाण्याची कळशी भरून. पोरी आत जाऊन आपापल्या जागा बघून आल्या आणि व्हरांड्यात वह्या उघडून बसल्या. सुप्रिया दिवसभर तिथंच होती. तिला एकदाही सर्व्हरला हात लावावा लागला नाही.

आता ती बाकीच्या अकरा शाळांतही वायरींना दोरे बांधते. पहिल्या खेपेचे दोरे सोनीबाईनं रंगवून दिले. पिंपळवंडीकडच्या एका शिक्षकांनी विचारलं की हे कुठल्या कोर्समध्ये शिकवतात. तिनं सांगितलं, करंजदऱ्याला, सकाळी आठ ते अकरा.

परीक्षेच्या संध्याकाळी ती निघाली, तेव्हा गेणभाऊ मेन बटण बंद करून कुलूप लावत होते. लाल दोऱ्याची वायर खिळ्यावर तशीच मोकळी होती. त्यांनी दार ओढण्याआधी तिच्याकडे एकदा बघून घेतलं.

"पुढल्या खेपंला कशी येनार?" त्यांनी विचारलं. "सांगून का न सांगता?"

"सांगून," सुप्रिया म्हणाली. "वायर मी काढून घेईन, मामा. पण चहा लागतो."